‘खोळ’ : बास्तियँ-लपाज यांच्या ‘पोव्र फोव्हेत’ला वंदन करणारे तैलचित्र

गेल्या मार्गशीर्षात पुण्यातील आमच्या घरी एक तैलचित्र आले. ४८ इंच उंच आणि ३६ इंच रुंद कापडावर माण तालुक्यातील माळावर उभी असलेली, घोंगडीची खोळ, म्हणजे डोक्यावरून घेतलेले टोकदार पांघरूण, घेतलेली नऊ-दहा वर्षांची धनगराची मुलगी त्यात आहे. चित्रकार कोल्हापुरात शिकले, तेथेच राहतात, आणि हे चित्र त्यांनी माझ्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन काढले. असे चित्र करवून घेण्याचा विचार ज्यांच्या मनात असेल, त्यांना उपयोग व्हावा म्हणून चित्राबद्दल आणि ते करवून घेण्याच्या अनुभवाबद्दल सविस्तर लिहीत आहे.

ज्या चित्राला हे वंदन आहे, ते मी पहिल्यांदा ग्लासगोच्या केल्विनग्रोव्ह संग्रहालयात पाहिले. नोकरीनिमित्त त्या शहरात राहत असताना रविवारी तेथे जाण्याचा माझा परिपाठ होता. प्रवेशाला पैसे पडत नसल्यामुळे एकाच चित्रासाठी जाऊन परत येणेही जड वाटत नसे. ज्यूल बास्तियँ-लपाज या फ्रेंच चित्रकाराने १८८१ साली काढलेले ‘पोव्र फोव्हेत’, म्हणजे ‘बिचारी फोव्हेत’, हे ते चित्र. फोव्हेत हे रानात गाणाऱ्या एका चिमुकल्या पक्ष्याचे नाव. जाड्याभरड्या गोणपाटासारख्या कापडात नखशिखान्त गुरफटलेली एक लहान मुलगी निष्पर्ण, काटकुळ्या झाडाशेजारी उभी आहे, हनुवटीखाली कापड मुठीत धरून ती समोर पाहते आहे, मागे गाय चरते आहे आणि पुढ्यात काटेरी रानटी रोपे वाढली आहेत. क्षितिज इतके वर आहे की आकाशाला जेमतेम एक पट्टी मिळते. बाकी सारी जमीनच असल्यामुळे ती मुलगी जमिनीसमोर उभी न वाटता जमिनीतून उगवल्यासारखी वाटते.

बास्तियँ-लपाज यांचा जन्म १८४८ साली लॉरेन प्रांतातील दाँव्हिलेर या खेड्यात झाला. पॅरिसमध्ये काबानेल या चित्रकाराच्या हाताखाली त्यांनी रीतसर शिक्षण घेतले, परंतु चित्रांचे विषय मात्र ते पुन्हा पुन्हा आपल्या गावी जाऊन शोधत राहिले. गवत कापून थकलेली बाई, सरपण गोळा करणारा म्हातारा, बटाटे वेचणाऱ्या बाया, शाळेत निघालेली मुलगी ही सगळी माणसे त्यांनी गावातली आणि घरातलीच घेतली. १८७८ च्या सालोंमध्ये, म्हणजे पॅरिसच्या मोठ्या चित्रप्रदर्शनात, मांडलेल्या आणि आता पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात असलेल्या गवतकापणीच्या चित्रासाठी तर त्यांची चुलतबहीणच बसली होती. १८८४ च्या डिसेंबरमध्ये, वयाच्या अवघ्या ३६ व्या वर्षी ते कर्करोगाने गेले. हाती आलेली मोजकी वर्षे त्यांनी ज्या निष्ठेने एका खेड्यावर खर्च केली, ती निष्ठा हाच माझ्या दृष्टीने त्यांचा खरा वारसा आहे, आणि त्यांना वंदन करणारे चित्र त्या कसोटीवर घासून पाहिले पाहिजे असे मला वाटते.

ही कसोटी माझ्या पदरची नाही. ग्लासगोच्या तरुण चित्रकारांनी ती १८८० च्या दशकातच घालून दिली होती. जेम्स गथ्री यांनी १८८३ साली काढलेले ‘अ हाइंड्स डॉटर’ हे चित्र एडिंबरोच्या राष्ट्रीय चित्रसंग्रहात आहे. त्यात कोबीच्या वाफ्यात वाकून नुकतीच सरळ झालेली, हातात सुरी असलेली शेतमजुराची मुलगी आहे. उंच क्षितिज, चौकोनी टोकाच्या कुंचल्याचे रुंद फटकारे आणि प्रेक्षकाला भिडणारी नजर हे सगळे बास्तियँ-लपाज यांच्याकडून आलेले आहे, हे शिकाऊ डोळ्यालाही कळते. पण कोबी स्कॉटलंडचा आहे, माती स्कॉटलंडची आहे आणि मुलगीही स्कॉटलंडचीच आहे. गथ्री दाँव्हिलेरला गेले नाहीत, कॉकबर्न्सपाथ नावाच्या आपल्याकडच्या खेड्यात जाऊन राहिले. म्हणूनच मी कोल्हापूरच्या चित्रकारांकडे गेले तेव्हा ‘पोव्र फोव्हेत’ची नक्कल मागितली नाही. ज्या रीतीने ते चित्र घडले, त्या रीतीने आपल्याकडचे एक चित्र घडवाल का, एवढेच विचारले. त्यांचे आजोळ माण तालुक्यातले आहे. त्यांनी थोडा वेळ विचार करून उत्तर दिले, “ताई, मग आषाढापर्यंत थांबावे लागेल.”

हे उत्तर ऐकले तेव्हाच योग्य माणसाकडे आल्याची माझी खात्री पटली. बास्तियँ-लपाज उघड्यावर चित्र काढत आणि एकेका चित्राला पुष्कळ दिवस घेत. असे काम लख्ख उन्हात होत नाही, कारण सावली तासातासाला सरकते आणि सकाळी रंगवलेला गाल दुपारी खोटा ठरतो. ढगाळ आभाळाचा करडा, सगळीकडे सारखा पसरलेला उजेड मात्र बराच वेळ टिकतो. त्यांच्या चित्रांत दाट सावल्या जवळजवळ नसतात, त्याचे हे एक कारण आहे. आपल्याकडे तसा उजेड पावसाळ्यात मिळतो, पण कोकणात किंवा घाटमाथ्यावर त्याच दिवसांत धो धो पाऊस असतो. माण आणि खटाव हे पर्जन्यछायेतले तालुके आहेत. तेथे आषाढ-श्रावणात आभाळ भरलेले असते, वारा सुटलेला असतो आणि पाऊस मात्र भुरभुरून थांबतो. शिवाय दिवाळीनंतर मेंढरे घेऊन कोकणाकडे उतरणारे धनगरांचे वाडे त्या दिवसांत आपल्या गावी परतलेले असतात. प्रकाश, माणसे आणि मेंढरे ही तिन्ही एकाच वेळी मिळण्याचे ते दिवस आहेत, आणि चित्रकारांनी वर्षाचे गणित त्यावरून मांडले.

चित्राचा सर्वांत मोठा गुण म्हणजे त्यातील घोंगडी. मूळ चित्रातल्या गोणपाटाला जे स्थान आहे, ते येथे घोंगडीला आहे. मुलीचे जवळजवळ सारे शरीर तिने झाकलेले असल्यामुळे घोंगडी फसली असती तर चित्रच फसले असते. दख्खनी मेंढीच्या लोकरीची, हातमागावर विणलेली आणि चिंचोक्याची खळ दिलेली घोंगडी शालीसारखी अंगाला लपेटत नाही, ती ताठ राहते. तिच्या घड्या लोळत नाहीत, त्यांना कोन पडतात. चित्रकारांनी हा ताठरपणा नेमका पकडला आहे. डोक्यावरच्या टोकापासून खांद्यापर्यंत येणारी कड ही सरळ, किंचित बाहेर आलेली रेघ आहे आणि तिच्याखाली मुलीचा चेहरा जणू छपराच्या वळचणीला उभा असल्यासारखा दिसतो. दुरून घोंगडी काळी वाटते, पण जवळ जाऊन पाहिल्यावर तीत निव्वळ काळा रंग सापडत नाही. रॉ अंबर हा तपकिरी रंग आणि अल्ट्रामरीन निळा यांच्या कमीअधिक मिश्रणांतून ती उभी केली आहे आणि जेथे पावसाचे तुषार लोकरीवर टिकून आहेत, तेथे कोरड्या कुंचल्याने करड्या रंगाची अगदी पातळ फिरवणी केली आहे. ती जागा पाहिली की ओल्या लोकरीचा वास आठवतो.

खोळीबद्दल एक प्रसंग चित्रकारांनी सांगितला, तो येथे नोंदवते. पहिले रेखाटन त्यांनी मुलीला समोर उभी करून, स्वतःच्या हाताने घोंगडी पांघरवून केले होते. मुलीच्या आजीने ते पाहिले आणि म्हटले, “खोळ अशी न्हाय घालत्यात. पदर वाऱ्याच्या अंगाला येऊ दे, न्हायतर पाणी आत शिरंल.” आजीने स्वतः घोंगडीची घडी मोडून पुन्हा घातली आणि नातीचे तोंड वाऱ्याकडून थोडे वळवले. चित्रकारांनी आधीचे रेखाटन बाजूला ठेवून नव्याने सुरुवात केली. आज चित्रात मुलीच्या अंगाला जो हलकासा तिरकेपणा आहे, डावा खांदा पुढे आणि हनुवटी उजवीकडे असा, तो आजीमुळे आलेला आहे. मूळ चित्रातली फोव्हेत सरळ समोर उभी असते, ही मुलगी वाऱ्याला पाठ देऊन उभी आहे. वंदन करणारे चित्र मूळ चित्रापासून सरकून आपल्या पायांवर उभे राहते ते असे, आणि येथे ते एका म्हातारीच्या जाणतेपणामुळे घडले याचा मला फार आनंद आहे.

चेहरा आणि हात यांची हाताळणी अत्यंत बारकाईची आहे, आणि त्यांच्यापासून जसजसे दूर जावे तसतशी ती सैल होत जाते. ही बास्तियँ-लपाज यांची ओळखीची रीत आहे: त्वचा तलम, गुळगुळीत आणि रेखीव, तर माती व गवत चौकोनी कुंचल्याच्या मोकळ्या फटकाऱ्यांत. चित्रकारांनी ती समजून घेऊन वापरली आहे. थंड वाऱ्याने मुलीच्या ओठांच्या कडा उकलल्या आहेत, नाकाच्या शेंड्यावर किंचित तांबूस छटा आहे, आणि घोंगडी धरलेल्या बोटांची नखे मातीने भरलेली आहेत. पायांत प्लास्टिकच्या चपला आहेत आणि त्यांतली एक तारेने शिवलेली आहे. गरिबीचे प्रदर्शन करण्याचा मोह होण्याजोगी ही जागा होती, परंतु तार इतक्या साधेपणाने रंगवली आहे की ती दुसऱ्या-तिसऱ्या वेळीच लक्षात येते. मुलीच्या नजरेत याचना नाही. ती थोडी कंटाळलेली आहे, थोडी कुतूहलाने पाहते आहे, आणि मेंढरांकडे आपले लक्ष असल्याचे तिच्या वळलेल्या मानेवरून कळते. मूळ चित्राच्या नावातच ‘बिचारी’ आहे, आणि मला त्या चित्राबद्दल कितीही प्रेम असले तरी तो शब्द नेहमी खटकत आला आहे, कारण त्यामुळे प्रेक्षकाने काय वाटून घ्यावे हे आधीच ठरते. चित्रकारांनी आपल्या चित्राला ‘खोळ’ एवढेच नाव दिले, आणि ते मला अधिक योग्य वाटते.

आता उणिवा.

पहिली उणीव मागच्या मेंढरांची. मुलीच्या उजव्या हाताला, चित्राच्या वरच्या भागात, आठ-दहा मेंढरे चरताना दाखवली आहेत. मुलगी समोर उभी करून रंगवली आणि मेंढरे मोबाइलवरच्या छायाचित्रावरून, असे चित्रकारांनी विचारल्यावर प्रांजळपणे सांगितले. न विचारताही ते कळले असते. चालणारी, माना खाली घातलेली मेंढरे डोळ्यांना जशी दिसतात, त्यात सतत थोडी हालचाल मिसळलेली असते. येथे सगळी एका क्षणी गोठलेली आहेत आणि त्यांच्या कडा एकसारख्या पुसट झाल्या आहेत. कॅमेऱ्याच्या भिंगातून आलेला हा पुसटपणा आहे, दूरच्या वस्तूकडे पाहणाऱ्या नजरेतून आलेला नाही. चार मेंढरे कमी असती आणि ती समोर पाहून रंगवली असती, तर चित्राचा हा कोपराही बाकीच्या चित्राच्या तोडीचा झाला असता.

दुसरी उणीव मला अधिक गंभीर वाटते. मुलीच्या पायाशी, डाव्या बाजूला, उंटकटारीचे एक मोठे झाड जांभळट गोंड्यांसह फुललेले दाखवले आहे. ते अतिशय सुंदर रंगवले आहे आणि पाहुणे सर्वांत आधी त्याचेच कौतुक करतात. पण उंटकटारी फुलते ती पावसाळा सरल्यावर, थंडीत. आषाढातल्या माळावर तिचे फुललेले गोंडे येतील कोठून? मूळ चित्रात काटेरी रोपे आहेत, म्हणून येथे काटेरी रोप आले, हे उघड आहे. संपूर्ण चित्रात चित्रकारांची नजर माळावर खिळलेली आहे आणि या एका जागी ती माळावरून उचलून ग्लासगोच्या चित्राच्या छापील प्रतीवर गेली आहे. ज्या चित्रकाराने एका हंगामाच्या उजेडासाठी चार महिने वाट पाहिली, त्याच्या चित्रात हंगामाची चूक राहावी याचे मला वाईट वाटते. शेजारचे हिवराचे झाड मात्र अगदी खरे उतरले आहे. त्याच्या खोडाचा फिकट, पिवळसर रंग आणि वाऱ्याने एकीकडे कललेला शेंडा पाहून माणदेशातील माझ्या एका स्नेह्यांनी झाडाचे नाव न विचारताच सांगितले.

साहित्याबद्दल समाधान आहे. चित्रकारांनी सुती आणि लिनन असे दोन्ही पर्याय समोर ठेवले होते, त्यांतले लिनन मी निवडले. त्यासाठी पैसे अधिक पडले, परंतु कापडाची वीण बारीक असल्यामुळे चेहऱ्याची तलम हाताळणी शक्य झाली, असे त्यांचे म्हणणे आहे आणि ते पटते. अस्तर वाळल्यावर पूर्ण कापडावर करड्या-तपकिरी रंगाचा पातळ हात दिला होता. गवताच्या फटकाऱ्यांमधून तो अधूनमधून डोकावतो आणि साऱ्या चित्राला एका सुरात धरून ठेवतो. पांढऱ्यासाठी टिटॅनियम वापरले आहे. बास्तियँ-लपाज यांच्या काळात सर्रास वापरात असलेल्या शिशाच्या पांढऱ्याची किंचित उबदार, अर्धपारदर्शक झाक त्यामुळे आभाळाच्या पट्टीत येत नाही आणि तेवढी जागा जराशी खडूसारखी, थंड दिसते. शिसे विषारी असल्यामुळे ते टाळले याबद्दल माझी तक्रार नाही, पण आभाळात गेरूचा किंवा पिवळ्या मातीच्या रंगाचा थेंबभर अंश चालला असता असे वाटते.

व्यवहाराविषयी सांगायचे तर एकूण ९०,००० रुपये ठरले होते, ते तीन समान हप्त्यांत दिले: सुरुवातीला, रेखाटन पक्के झाल्यावर आणि चित्र हाती आल्यावर. सागवानी चौकट आणि वाहतूक यांचा खर्च वेगळा झाला. मुलीच्या आईवडिलांची संमती घेऊनच काम सुरू करावे, बैठका शाळेच्या सुट्टीच्या दिवशीच घ्याव्यात आणि तिच्या वेळेचा मोबदला घरी द्यावा, या अटी मी घातल्या होत्या. त्या तंतोतंत पाळल्या गेल्या. काम दसऱ्याला मिळायचे होते, ते दोन महिने उशिरा मिळाले. उशिराचे कारण खरे होते, कारण तैलरंगाचे थर आपल्या गतीनेच वाळतात आणि पावसाळी हवेत ती गती आणखी मंदावते. मात्र ते मला दसऱ्याच्या आधी कळवायला हवे होते. मधल्या सहा आठवड्यांत दूरध्वनीला उत्तरच मिळाले नाही, आणि एवढी रक्कम गुंतलेली असताना ते नीट झाले नाही. चित्र पाठवताना मात्र पुरेपूर काळजी घेतली होती. रंगाच्या पृष्ठभागाला काहीही टेकणार नाही अशी लाकडी पेटी करून, कोपऱ्यांना आधार देऊन ते आले आणि कोठेही ओरखडा नव्हता.

घरी आल्यावर दोन गोष्टी करवून घ्याव्या लागल्या. उजव्या तळकोपऱ्यात, जेथे अंबर रंग पातळ लावला आहे, तेथे काही डाग निस्तेज झाले होते. तेल खालच्या थरात शोषले गेले की असे होते. चित्रकारांनी महाशिवरात्रीच्या सुमारास स्वतः येऊन, वेगळे पैसे न घेता, तेवढ्या भागावर तेलाचा अत्यंत पातळ हात फिरवून जास्तीचे पुसून काढले, आणि मूळची खोली परत आली. पुढे श्रावणात कापड थोडे सैल पडले. मागच्या चौकटीच्या कोपऱ्यांतल्या पाचरी हलक्या हाताने ठोकल्या की ताण परत येतो, हे त्यांनी आधीच दाखवून ठेवले होते, परंतु पाऊस संपेपर्यंत थांबावे असाही सल्ला दिला होता. तो मी पाळते आहे, कारण दमट हवेत ताणलेले कापड कोरड्या हवेत गरजेपेक्षा जास्त ताणले जाते. चित्र बाहेरच्या भिंतीवर लावू नये आणि चौकटीमागे बुचाचे तुकडे चिकटवून भिंतीपासून बोटभर अंतर ठेवावे, ही सूचनाही तैलचित्र घेणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावी अशी आहे.

आणखी एक गोष्ट मला मनापासून आवडली. बास्तियँ-लपाज आपल्या सहीबरोबर अनेकदा दाँव्हिलेर हे गावाचे नाव लिहीत. येथेही सहीखाली चित्रकारांनी आपल्या आजोळचे नाव लिहिले आहे. कापडाच्या मागच्या बाजूला ‘ज्यूल बास्तियँ-लपाज यांच्या पोव्र फोव्हेत या चित्रास वंदन’ असा स्पष्ट मजकूर आणि वर्ष आहे. कोणाचे ऋण घेतले आहे हे चित्रावरच नोंदवलेले असले की पुढे पन्नास वर्षांनी ते कोणाच्याही हाती गेले तरी गैरसमज होणार नाही. मी हे मागितले नव्हते, त्यांनी आपणहून केले.

चित्र सध्या जेवणघराला लागून असलेल्या खोलीत, उत्तरेच्या खिडकीसमोरच्या आतल्या भिंतीवर आहे. तेथे थेट ऊन येत नाही, आणि ढगाळ दिवशी खोलीतला उजेड व चित्रातला उजेड एकच होतो. अंतिम वार्निश अजून दिलेले नाही, रंग पुरते वाळायला वर्षभर जाऊ द्यावे असे ठरले आहे. उंटकटारीबद्दल मी चित्रकारांना सांगितले तेव्हा ते बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी आजोळी दूरध्वनी करून मुलीच्या आजीला विचारले आणि मला कळवले की माझे म्हणणे बरोबर आहे, आषाढात त्या जागी गेल्या वर्षीची वाळकी काटकी तेवढी उभी असते. मार्गशीर्षात वार्निश द्यायला येतील, त्याआधी ते गोंडे पात्याने खरवडून तेथे वाळकी काटकी रंगवणार आहेत.